दहातली एक गोळी

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. घर अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीला लागून. स्वभाव तापट आहे हे लोकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मीच आधी सांगून मोकळा होतो. माझ्या तासाला पोरं चिडीचूप बसतात. फक्त श्वसनाच्या धड्याला तीच पोरं आपणहून पुढच्या बाकांवर येतात, कारण तो धडा मी पुस्तकातून शिकवत नाही, गोष्टी सांगत शिकवतो.

खाल्लेल्या भाकरीचं अंगात बळ कसं होतं, एवढाच प्रश्न. पण त्याचं उत्तर सापडायला किती माणसं खपली! एक फ्रेंच गृहस्थ होता. पोटापाण्याला करवसुलीचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात प्रयोग. त्यानं एक गिनीपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवला, किती बर्फ वितळलं ते मोजलं आणि म्हणाला, श्वास घेणं म्हणजे हळूहळू जळणं. पुढे क्रांतीत त्याचं डोकं उडवलं, पण वाक्य टिकलं. मग एक जर्मन. त्यानं यीस्ट वाळूत घालून पार चेचलं, दाबून रस काढला आणि रस नासू नये म्हणून त्यात साखर टाकली, आपण मुरंब्यात टाकतो तशी. तर त्या मेलेल्या रसाला फेस यायला लागला. आंबायला जिवंत पेशी लागते असं तोवर मोठमोठे लोक म्हणत होते, आणि इथं नुसता रसच आंबतोय. हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास अख्ख्या वसाहतीत घरोघर शिरतो.

पुढची गोष्ट माझ्या आवडीची. एक माणूस पतंगाच्या पंखांचे स्नायू प्रकाशाचे रंग फोडून दाखवणाऱ्या भिंगातून बघायचा. त्याला रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या. तशाच यीस्टमध्येही दिसल्या. हवा मिळाली की रेघा जायच्या, हवा संपली की परत यायच्या. पेशीच्या आत ऑक्सिजन घेणारं कुणीतरी बसलंय, हे त्या माणसानं डोळ्यांनी बघितलं. आणि शेवटचा तो इंग्रज. तब्येतीपायी विद्यापीठ सोडून खेड्यातल्या एका जुन्या घरात राहिला, तिथं गाई पाळल्या आणि तिथूनच सांगितलं की पेशी धरणासारखं काम करते. एका बाजूला भार साठवायचा, दरवाजातून सोडायचा आणि त्या धारेवर चाक फिरवायचं. वर्षानुवर्षं कुणी त्याचं ऐकलं नाही. मी पोरांना म्हणायचो, पैठणचं धरण बघितलंय ना? बस्स, तसली चाकं तुझ्या एकेका पेशीत हजारोंनी फिरून राह्यलीत, म्हणून तू बाकावर बसून जांभया देऊ शकतो.

आणि मग मी मोठ्या थाटात सांगायचो की हे सगळं कळलं ते बऱ्याच अंशी विषांमुळे. एकेक विष द्यायचं आणि यंत्र कुठं अडतं ते बघायचं. सायनाइड दिलं की ऑक्सिजन घेणारा तो शेवटचा टप्पाच बंद. फुप्फुसात हवा आहे, रक्तात ऑक्सिजन आहे आणि पेशी उपाशी! मी गळा धरून, डोळे पांढरे करून दाखवायचो. पोरं खो खो हसायची. अठरा वर्षं मी हे नाटक केलं.

आता गव्हाची गोष्ट.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचे गहू भरतात. गच्चीवर वाळवायचे, चाळायचे आणि पत्र्याच्या कोठीत ओतायचे. आई त्यात निंबाचा वाळलेला पाला घालायची, बायकोच्या माहेरी एरंडीचं तेल चोळतात. मागच्या वर्षी गव्हाला सोंडे लागले. त्यावर मी असा काही भडकलो की दोघींनाही गप्प केलं. "पाला घालून किडे मरत असते तर कंपन्यांनी औषधं कशाला काढली असती?" असं मी आईला म्हणालो. आई म्हणाली, "बरं बाबा, तू शिकलेला." या वर्षी मी शहागडहून धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांची नळी आणली. नळीत दहा गोळ्या. दुकानदार म्हणाला, कोठीला तीन बस झाल्या, अन् झोपायच्या खोलीत ठेवू नका. मी सहा टाकल्या. जुन्या धोतराच्या चिंध्यांत एकेक गोळी बांधली, पुरचुंड्या गव्हात खोल खुपसल्या आणि वरून झाकण दाबलं. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून त्यावर पाटा ठेवला. कोठी मागच्या खोलीत होती, आणि ती तेव्हा काही झोपायची खोली नव्हती. उरलेल्या चार गोळ्या नळीत घालून नळी माळ्यावर टाकली.

मागची खोली तशी रिकामीच असायची. पण मुलगी बारावीची परीक्षा देऊन मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आल्या-गेल्यांची वर्दळ. म्हणून गहू भरल्यावर दोनच दिवसांनी मीच तिची खाट मागं टाकून दिली, टेबल दिलं, आणि एप्रिलचं ऊन बघून कूलर आणला. खिडकीला जुना पडदा, दार लावून घ्यायचं. पोरगी दिवसभर तिथंच. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं, की लेकीसाठी बाप काय काय करतो.

रविवारी तिचे सराव परीक्षेचे मार्क आले. कमी होते. मी काय बोललो ते पूर्ण लिहायला मला अजून जमत नाही. "तुझ्यानं न्हाई व्हायचं, उगं कूलरची हवा खात बसू नको," हे त्यातलं सौम्य. तिनं मान खाली घातली. त्यानंतर तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. जेवताना बायकोला सांगायचो, "तिला भाजी वाढ." ती समोरच बसलेली असायची.

बुधवारी दुपारी मी घरी आलो तर पोरगी ओकत होती. तोंड पांढरं पडलेलं, हात गार. आई म्हणाली, "ऊन लागलंय पोरीला." एप्रिलात आमच्याकडे दुसरं काही सुचतच नाही. बायकोनं कांद्याचा रस तळपायाला चोळला, पन्हं दिलं, तेही उलटून पडलं. मी खिडकी घट्ट लावली, पडदा ओढला, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि वारा पूर्ण सोडून तिच्या तोंडाशी आणला. जीवशास्त्राचा मास्तर! "पडून राहा, हालू नको," म्हणालो. तीन दिवसांनी तिच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

मग मी मीठसाखरेची पुडी आणायला वसाहतीतल्या दुकानात गेलो. परत आलो, खोलीचं दार ढकललं आणि बाहेरच्या मोकळ्या हवेतून आत आल्यामुळे मला एक वास लागला. लसूण सडल्यासारखा. घरात असलेल्यांना तो लागत नव्हता, त्यांचं नाक सरावलं होतं. माझी नजर कोठीवर गेली. कूलरची ओली हवा थेट झाकणावर जात होती. पाटा सरकलेला होता.

गोळ्या दमट हवेनं विरघळतात आणि त्यातून वायू निघतो, हे मला माहीत होतं. तो वायू पेशीत जाऊन काय करतो, तेही मला माहीत होतं. पतंगाच्या स्नायूत त्या माणसाला ज्या रेघा दिसल्या, तिथंच, त्या शेवटच्या टप्प्यावरच तो जाऊन बसतो. मी ओरडलो, "बाहेर काढा तिला! आधी बाहेर काढा!" बायकोला काही कळेना. मीच पोरीला उचललं. लहानपणी उचलायचो तेव्हा ती गळ्यात हात टाकायची. आता तिचे हात नुसते लोंबत होते.

शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली. मागच्या सीटवर बायको तिला मांडीवर घेऊन बसली, मी मोटारसायकलवर मागं. अंबडच्या दवाखान्यापर्यंत मी त्या गाडीच्या मागच्या काचेकडेच बघत होतो. काचेत बायकोचं डोकं दिसायचं. ते खाली वाकलं की मला वाटायचं, गेली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सलाइन लावलं, नाकाला ऑक्सिजन लावला, बोटाला चिमटा लावला. चिमट्याच्या डबीवर आकडा आला. नर्स म्हणाली, "ऑक्सिजन चांगला हाये, घाबरू नका सर." मी तो आकडा बघितला. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे. रक्तात तो असणारच होता! पुढे तो घ्यायलाच कुणी नाही, म्हणून तो तिथं नुसता फिरतोय. अठरा वर्षं गळा धरून ज्याची नक्कल केली ते माझ्यासमोर पलंगावर पडलं होतं, आणि त्याच्या पायात माझ्या लेकीचे पैंजण होते.

बीपी लागत नव्हता. डॉक्टरनं दोनदा पट्टा बांधला, दोनदा सोडला. मग मला विचारलं, "काय झालंय?" मी गव्हातल्या गोळ्यांचं सांगितलं. गोळ्या म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. या जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरचा बदलेल. त्या गोळ्या आणि अठरा वर्षांची पोरगी, आणि परीक्षा तोंडावर! त्यानं बायकोला बाहेर उभं केलं, पोरीच्या कानाशी वाकला आणि विचारलं, "काही खाल्लंस का? खरं सांग. कुणी रागवणार न्हाई."

ती क्षीण आवाजात म्हणाली, "न्हाई. काही खाल्लं न्हाई."

मी पलंगाच्या पायथ्याशीच होतो. मी ते ऐकलं.

डॉक्टर मला घेऊन व्हरांड्यात आला. म्हणाला, "सर, या वयात खरं सांगत नाहीत. वासानं झालं असेल तर आशा आहे. खाल्लं असेल तर गोष्ट वेगळी आहे, मला तशी तयारी करावी लागेल, जालन्याला तसं कळवावं लागेल. याच्यावर उतारा न्हाई, तुम्हाला माहीतच असेल. ॲम्ब्युलन्स यायला वेळ आहे. तोवर घरी जाऊन गोळ्या मोजून या. किती होत्या, किती राहिल्या."

इथं मी थांबून एक कबूल करतो. घरी आई होती. तिच्याजवळ फोन होता. एक फोन करून "आई, माळ्यावरची नळी काढ अन् गोळ्या मोज" म्हणालो असतो तर काम झालं असतं. मी फोन हातात घेतलासुद्धा. पण शेजाऱ्यांच्या गाडीचा आवाज ऐकून घरात गल्ली गोळा झाली असणार, हे मला ठाऊक होतं. गोळ्या मोजायच्या म्हटलं की सगळ्यांना एकच कळणार. उद्या वसाहतभर, परवा कॉलेजात. सरांच्या पोरीनं खाल्ल्या. लाज आडवी आली हो. फोन खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

त्या रस्त्यानं मी रोज जातो. त्या दिवशी उसाच्या रिकाम्या बैलगाड्या परतत होत्या आणि मला त्यांच्यातून वाट काढताना रडू फुटलं. मी मोठमोठ्यानं बोलत होतो. "खाल्ली नसंल, खाल्ली नसंल." आणि लगेच रविवार आठवायचा. तिची खाली गेलेली मान. मी काय काय बोललो होतो, ते त्या रस्त्यावर मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं, आणि जितकं ऐकू यायचं तितकं मला वाटायचं की हिनं खाल्लीच असणार.

घरात बायका जमल्याच होत्या. "डॉक्टरांनी गहू बघायला सांगितलेत," एवढंच मी म्हणालो. मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली, तोंडाला ओला टॉवेल बांधला, कोठी आडवी केली आणि सगळे गहू ओढत ओढत अंगणात काढले. पुरचुंड्या वेचल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी सापडेना. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गहू उपसत होतो. सहावी अगदी तळाच्या ढिगात निघाली. हुश्श केलं. सहा.

मग शिडी लावून माळ्यावरची नळी काढली. टोपण ओढून काढलं. नळी जमिनीवर रिकामी केली.

तीन.

चार पाहिजे होत्या. मी नळी आपटली, आत बोट घातलं, माळा हातानं झाडला. तीनच. मला वाटतं माणसाचं काळीज खरोखर थांबतं, आणि मग त्याला हळूच परत चालू व्हावं लागतं. तिनं "न्हाई" म्हणताना माझ्याकडे बघितलं होतं का? की डोळे मिटलेले होते? मला आठवेना.

मी तिच्या टेबलाकडे वळलो. उशी झाडली. दप्तर उलटं केलं. मग वह्या. गोळी काही वहीत नसते. मी काय शोधत होतो ते मला माहीत होतं, आणि ते सापडू नये म्हणून मी देवाची करुणा भाकत होतो. भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं वर लिहिलेलं होतं, "पप्पांना सांगायचं". वही माझ्या हातातून पडली. उचलली. खाली लिहिलं होतं की सोमवारपासून दुपारी डोकं दुखतं. कूलर खाली गळतो, त्यानं वह्या भिजल्या. खोलीत कसला तरी घाण वास येतो, उंदीर मेलाय का ते बघायचं. आणि पुढच्या टेस्टला जास्त पडतील. एवढंच. "जास्त" या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

आता कुणीही शहाणा माणूस हे वाचून उठला असता आणि डॉक्टरला फोन केला असता. वास येतो, डोकं दुखतं, सोमवारपासून. अजून काय पाहिजे होतं? पण माझं मन त्या एका गोळीला चिकटून बसलं. एक कमी आहे. एक कमी आहे. मी खाटेखाली वाकलो.

तेवढ्यात आई दारात आली. म्हणाली, "आरं, काय हुडकून राह्यला येड्यावानी?"

मी पहिल्यांदाच ते बोललो. रडत, बायका ऐकत होत्या तरी मोठ्यानं बोललो. "आई, एक गोळी कमी हाये. पोरीनं खाल्ली काय गं?"

आईनं कपाळावर हात मारला. "आगं माय! ती मी रविवारी घेतल्ती. माझ्या जवारीच्या डब्यात टाकली. तूच म्हणला ना, पाल्यानं काय होत न्हाई म्हणून. म्हणलं, पोरगा शिकलेला हाये, त्याचं ऐकावं."

आईचा ज्वारीचा डबा खाटेखाली, भिंतीला टेकून होता. त्याला झाकण नव्हतं, नुसतं फडकं. त्याच्या बाजूला कूलरचं गळालेलं पाणी साचलेलं. फडकं ओलं होतं. आत ज्वारीवर आईच्या लुगड्याच्या चिंधीत राखाडी भुकटी उरली होती. माझी पोरगी त्याच्या बरोबर वर, दोन हात उंचीवर, डोकं ठेवून तीन दिवस झोपत होती आणि अभ्यास करत होती.

आई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "म्या मारली का रं पोरीला?" म्हणाली. आणि मग, "मला फोनवर का न्हाई विचारलं?" तिला काय सांगणार! मी डॉक्टरला फोन लावला. "खाल्ली न्हाई. दहाच्या दहा गोळ्यांचा हिशोब लागला. वासानं झालंय." तो म्हणाला, "ठीक आहे. ॲम्ब्युलन्स आलीय, आम्ही निघतोय. तुम्ही सरळ जालन्याला या." पोलिसात कळवावं लागेल, नियमच आहे, असंही म्हणाला. मी म्हणालो, कळवा.

जालन्याच्या दवाखान्यात त्यांनी तिला काचेच्या आत ठेवलं. औषध म्हणजे सलाइन, बीपी वर आणायची इंजेक्शनं आणि वाट बघणं. हृदयाची रेघ मधेच वेडीवाकडी व्हायची, आतली माणसं धावायची, मग रेघ सरळ चालू लागायची. डॉक्टर म्हणाले, वायू अंगातून जाईपर्यंत काळीज टिकलं पाहिजे. मी काचेला कपाळ लावून उभा राहायचो. पोरांना मी ज्या चाकांचं सांगायचो ती आता मला दिसत होती. थांबलेली. एकेका पेशीत हजारो, सगळी थांबलेली, आणि त्यातली काही तरी फिरावीत म्हणून मी त्यांच्याकडे भीक मागत होतो. बायको देवाचं नाव घेत होती. मला तेही सुचत नव्हतं. दीडशे-दोनशे वर्षं खपून त्या सगळ्या माणसांनी यंत्र कुठं अडतं ते बरोबर शोधून काढलं, आणि अडलेलं सोडवायचं कसं ते मात्र मला माहीत नव्हतं. मला त्या सगळ्यांचा राग आला. मग वाटलं, त्यांच्यावर कशाला? दुकानदारानं तीन सांगितल्या होत्या. झोपायच्या खोलीत ठेवू नका म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बीपी इंजेक्शनाशिवाय टिकला. नर्सनं मला आत बोलावलं. पोरीचे पाय मी चाचपले. पैंजण बायकोच्या पिशवीत होते, पाय मोकळे होते. आणि ते कोमट होते. फ्रेंच माणसाचं ते हळूहळू जळणं मला हाताला लागलं आणि मी तिथंच, नर्ससमोर, हमसून हमसून रडलो.

दहा-बारा दिवसांनी ती घरी आली. परीक्षा हुकली. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कोठी आता उघड्या पडवीत आहे, त्यात निंबाचा पाला आहे. तो आईनं नाही, मी घातला. आई ज्वारीला हातच लावत नाही.

जूनमध्ये तिनं परत पुस्तकं काढली. बाहेरच्या खोलीत तिचं लक्ष लागेना, तेव्हा तीच म्हणाली, मागंच बसते. मी दर अर्ध्या तासानं काहीतरी निमित्त काढून आत डोकवायचो. एकदा गेलो तर तिच्यापुढे श्वसनाचा धडा उघडा होता. ते शेवटच्या टप्प्याचं चित्र, खाली विषांची नावं. मी खुर्ची ओढली. म्हणालो, "आण, समजावून सांगतो."

"हे मला येतं, पप्पा," ती म्हणाली. "मला दुसरंच विचारायचंय. तुम्ही गोळ्या मोजायला घरी आल्ते ना? आजीनं सांगितलं."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

"डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होते. मी न्हाई म्हणाले होते."

मी खुर्ची जरा मागं सरकवली.

"आजीनं घेतलेली ती गोळी सापडली नसती तर?"

मी टेबलावरची पेन्सिल घेतली, ठेवली. म्हणालो, "रविवारी मी तुला नको ते बोललो होतो. म्हणून मला वाटलं, की तू..."

"रोजच बोलता की," ती म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. "मी तेवढ्यानं गोळी खाणारी न्हाई. पण वास येऊन राह्यलाय हे सांगायला तीन दिवस दारापर्यंत आले अन् परत गेले. तुमची भीती वाटली."

तिनं पान उलटलं. मी उठलो. खोलीत आता कसलाच वास नव्हता, तरी मी सवयीनं एकदा खोल श्वास घेऊन बघितला. दाराशी पोचलो तेव्हा तिनं मान वर न करता सांगितलं, "दार लावू नका."